किनाऱ्यावरची नोंदवही

गेल्या फेब्रुवारीत वेळासचा कासव महोत्सव पाहायला निघालो आणि मुक्काम केळशीला केला. संध्याकाळी किनाऱ्यावर फिरताना सोबतच्या भाचीने घरमालक काकांना विचारले, "काका, इथून देवमासा दिसतो का हो?" काका क्षणभर थांबले. म्हणाले, "दिसतो की. पण वाहून आलेला." सगळे हसले. मला मात्र ते उत्तर दोन दिवस सोडेना. सरकारी रुग्णालयात इतकी वर्षे काढल्यावर एक गोष्ट कळते: ज्या गावाची माहिती आपल्याकडे फक्त मृत्यूच्या दाखल्यांतून येते, त्या गावाच्या आरोग्याबद्दल आपल्याला काहीच माहीत नसते. गावाची प्रकृती कळते ती ओपीडीच्या रजिस्टरवरून. कोकणच्या समुद्रातल्या देवमाशांचे दाखले आपल्याकडे आहेत. रजिस्टर नाही.

दाखले आठवून पाहा. जून २०१५ मध्ये रेवदंड्याला ४२ फुटी निळा देवमासा जिवंत किनाऱ्याला लागला आणि तिथेच गेला. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईत जुहूच्या वाळूत एक प्रचंड धूड येऊन पडले आणि बघ्यांची जत्रा भरली. १३ नोव्हेंबर २०२३ रोजी, ऐन दिवाळीत, गणपतीपुळ्याला देवमाशाचे पिल्लू वाळूत अडकले. वनखाते, पोलीस, तटरक्षक दल, स्थानिक लोक आणि प्राणिवैद्य अशा सगळ्यांनी सुमारे चाळीस तास झुंज दिली आणि पिल्लाला खोल पाण्यात नेऊन सोडले. राज्यभर टाळ्या वाजल्या. पण पिल्लू परत किनाऱ्याकडे आले आणि वाचले नाही. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी किती जणांपर्यंत ही दुसरी बातमी पोहोचली, कोण जाणे.

या तिन्ही घटनांच्या वेळी एकच प्रश्न विचारला गेला: "असे का झाले?" खरे सांगायचे तर त्याचे उत्तर द्यायला लागणारी माहितीच आपण कधी गोळा केलेली नाही. आपल्या समुद्रात किती देवमासे आहेत, कोणत्या महिन्यात ते कुठे असतात, पिल्ले किती जन्मतात, हे माहीत असेल तरच मेलेल्या एकाचा अर्थ लागतो.

वाळूत पडल्यावर काय होते

आधी डॉक्टर म्हणून एक शंका दूर करते. "देवमासा तर हवेत श्वास घेतो, मग बाहेर आल्यावर मरतो का?" हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. देवमासा सस्तन प्राणी आहे, त्याला आपल्यासारखीच फुप्फुसे आहेत, त्यामुळे तो 'पाण्याविना' मरत नाही. तो मरतो स्वतःच्या वजनाखाली. पाण्यात असताना कित्येक टनांचे शरीर पाणीच तोलून धरते. वाळूवर तेच वजन छातीवर येते, श्वास पुरा घेता येत नाही आणि खालच्या बाजूचे स्नायू चिरडत जातात.

१९९३ च्या सप्टेंबरात किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी वैद्यकीय शिक्षण घेत होते. ढिगाऱ्याखालून तासन् तासांनी जिवंत काढलेला माणूस बोलतो, पाणी मागतो, आणि एखाद्या दिवसाने त्याची मूत्रपिंडे बंद पडतात, हे आमच्या शिक्षकांनी त्या दिवसांत आम्हाला पुन्हा पुन्हा समजावले. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत असताना, १९४१ मध्ये, तिथल्या डॉक्टरांनी या प्रकाराचे नीट वर्णन केले होते. चिरडलेल्या स्नायूंतून मायोग्लोबिन नावाचे प्रथिन रक्तात उतरते आणि मूत्रपिंडाच्या बारीक नळ्या तुंबवते. दबलेला भाग मोकळा झाला की हे विष एकदम रक्तात पसरते. म्हणून सुटका झाली म्हणजे जीव वाचला असे होत नाही.

मायोग्लोबिन स्नायूंत ऑक्सिजन साठवून ठेवते. देवमाशाला बराच वेळ श्वास रोखून खोल जायचे असते, त्यामुळे त्याच्या स्नायूंत ते आपल्यापेक्षा कितीतरी जास्त असते, इतके की मांस काळपट लाल दिसते. जॉन केंड्रू या शास्त्रज्ञाने १९५८ मध्ये जगात पहिल्यांदा एखाद्या प्रथिनाची त्रिमिती रचना उलगडली, ती याच मायोग्लोबिनची, आणि त्यासाठी त्याने वापरला स्पर्म व्हेल या देवमाशाचा स्नायू. १९६२ मध्ये त्याला नोबेल मिळाले. ज्या प्रथिनाच्या जोरावर देवमासा समुद्राचा तळ गाठतो, तेच वाळूवर त्याच्या जिवावर उठते. त्यात कातडीखालचा चरबीचा जाड थर. थंड पाण्यात तो ऊब देतो, कोकणच्या उन्हात तोच थर शरीर आतून तापवत राहतो.

म्हणूनच चाळीस तास वाळूत घालवलेले, आईपासून तुटलेले, दुधावरचे पिल्लू परत पाण्यात ढकलले तरी वाचण्याची शक्यता फार थोडी असते. गणपतीपुळ्याला धडपडणाऱ्या लोकांचे कष्ट खोटे नव्हते. पण आयसीयूच्या दारात पोहोचलेल्या रुग्णावरून आपण आरोग्यसेवेचे मोजमाप करू लागलो, तर दाराबाहेरचे सगळे निसटते.

कड्यावर बसून मोजणारे लोक

आता पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून दरवर्षी करडे देवमासे जातात. इंग्रजीत त्यांना 'ग्रे व्हेल' म्हणतात. उन्हाळ्यात ते आर्क्टिकच्या उथळ समुद्रात तळाच्या चिखलातले बारीक कवचधारी जीव गाळून खातात, आणि हिवाळ्यात मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियातल्या उबदार खाड्यांमध्ये पिल्ले देतात. जाऊन येऊन हा प्रवास सोळा हजार किलोमीटरच्या वर जातो. विशेष म्हणजे हा प्रवास ते किनारा धरून करतात. त्यामुळे बोट लागत नाही. ओरेगनमधल्या डेपो बे या लहानशा गावात समुद्राच्या भिंतीला लागूनच एक केंद्र आहे. तिथे लोक दुर्बीण घेऊन उभे राहतात, केंद्रातली माणसे "तो बघा फवारा" म्हणून दाखवतात, आणि पाहून झाल्यावर मंडळी घरी जातात. देवमाशाला याचा पत्ताही नसतो.

पण हा फक्त पर्यटनाचा विषय नाही. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर १९६७ पासून सरकारी शास्त्रज्ञ हिवाळ्यात कड्यावर बसून, पाळ्या लावून, दक्षिणेकडे जाणारे देवमासे मोजत आले आहेत. शिकारीने जवळजवळ संपलेली ही जात संरक्षणानंतर सावरली, इतकी की १९९४ मध्ये अमेरिकेने तिचे नाव संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीतून काढले. हे कशाच्या आधारावर? या मोजणीच्या. २०१६ मध्ये संख्या सुमारे २७ हजार होती. मग २०१८ च्या अखेरीपासून २०२३ पर्यंत मेक्सिको, अमेरिका आणि कॅनडा मिळून ६९० देवमासे किनाऱ्याला मेलेले सापडले, त्यांतले अनेक हाडे दिसतील इतके रोडावलेले. आणि २०२५ च्या मोजणीत अंदाज निघाला सुमारे १३ हजार. म्हणजे नऊ वर्षांत निम्मे. पिल्लांची वेगळी मोजणी १९९४ पासून होते. २०२५ मध्ये ती ८५ च्या आसपास भरली, आजवरची सर्वांत कमी. आर्क्टिकचा बर्फ कमी होतो आहे, तळाचे खाद्य बदलते आहे आणि माद्या पिल्लाला वाढवण्याइतकी चरबी साठवू शकत नाहीत, असे शास्त्रज्ञांचे निदान आहे.

डॉक्टरला ही भाषा ओळखीची वाटते. मृत्युदर वाढला, जन्मदर घटला, कारण कुपोषण. हे निदान किनाऱ्यावर पडलेल्या ६९० मृतदेहांवरून एकट्याने झाले नसते. सत्तावीस हजारांतले ६९० की तेरा हजारांतले, हे कळायला खालचा आकडा लागतो. तो आकडा कड्यावर बसलेल्या माणसांनी दिला.

आपल्याकडे काय दिसते

करडा देवमासा अरबी समुद्रात नाही. पण अरबी समुद्र रिकामाही नाही. २०१५ मध्येच सिंधुदुर्गच्या समुद्रात पाहणी करणाऱ्या अभ्यासकांच्या बोटीला जिवंत निळे देवमासे दिसले. त्याहून नवलाची गोष्ट कुबड्या देवमाशाची, म्हणजे हंपबॅकची. जगातले बाकीचे कुबडे देवमासे ध्रुवाकडे जाऊन येतात. अरबी समुद्रातला कळप बारा महिने इथेच राहतो. उत्तरेला जमीन आडवी आहे आणि पावसाळी वाऱ्यांनी खालचे सकस पाणी वर येत असल्याने पोट इथेच भरते. हा कळप हजारो वर्षे इतरांपासून वेगळा राहिला आहे आणि त्यात शंभरापेक्षा कमी जीव उरले असावेत असा अंदाज आहे. १९६५-६६ मध्ये सोव्हिएत जहाजांनी बेकायदा शिकारीत यांतले २४२ मारले होते. २०१७ मध्ये ओमानच्या किनाऱ्याजवळ उपग्रह-टॅग लावलेली 'लुबान' नावाची मादी समुद्र पार करून थेट भारताच्या पश्चिम किनाऱ्याला आली आणि पुढे दक्षिणेला मन्नारच्या आखातापर्यंत गेली. ती आपल्या समोरून गेली. आपण पाहिली नाही, कारण कोणी बघतच नव्हते.

इथे एक अडचण प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. आपल्या किनाऱ्यालगतचा समुद्र दूरपर्यंत उथळ आहे. मोठे देवमासे बहुधा त्यापलीकडे, खोल पाण्याच्या बाजूला असतात. केळशीच्या वाळूत उभे राहून डेपो बेसारखे दृश्य दिसेल असे मी म्हणणार नाही. पण किनाऱ्यावरून डॉल्फिन दिसतात. पाठीवर उंचवटा असलेले हे कुबडे डॉल्फिन किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यातच आयुष्य काढतात, आणि म्हणूनच जाळी, बोटी आणि खाडीतून येणारे सांडपाणी या तिन्हींच्या वाटेत येतात. आंतरराष्ट्रीय यादीत ही जात संकटग्रस्त ठरलेली आहे. दापोलीच्या किनाऱ्यावर सुटीच्या दिवशी 'डॉल्फिन दाखवतो' म्हणून बोटी निघतात. एका डॉल्फिनमागे चार-पाच इंजिने धावताना पाहिली की मला वॉर्डात एका रुग्णाभोवती जमलेले वीस नातेवाईक आठवतात. कोणाचाच हेतू वाईट नसतो. रुग्णाला मात्र श्वास घ्यायला जागा उरत नाही, आणि डॉल्फिनला तर श्वासासाठी वर यावेच लागते.

तेच डॉल्फिन उटंबरच्या डोंगरावरून किंवा एखाद्या उंच कड्यावरून, साध्या दुर्बिणीने पाहता येतात. खर्च जवळजवळ शून्य, त्रास शून्य. आणि सोबत वही असेल तर ती मोजणीही होते.

शून्य लिहिण्याची शिस्त

मोजणी म्हटले की लोकांना वाटते, हे शास्त्रज्ञांचे काम. अंशतः खरे आहे. कोणीही उठावे आणि "आज खूप दिसले" असे लिहावे, याचा उपयोग नाही. पण पद्धत अवघड नाही. जागा ठरलेली, वेळ ठरलेली, किती मिनिटे पाहिले ते लिहिलेले, समुद्र शांत होता की लाटा होत्या ते लिहिलेले. आणि सर्वांत महत्त्वाचे, काही दिसले नाही तर 'शून्य' लिहिलेले.

या शून्याची किंमत आम्ही पोलिओच्या कामात शिकलो. दर आठवड्याला प्रत्येक रुग्णालयाने कळवायचे की पंधरा वर्षांखालच्या मुलांत अचानक आलेल्या लुळेपणाचे किती रुग्ण आढळले. एकही नसेल तर 'शून्य' असा अहवाल पाठवायचा. न पाठवलेला अहवाल आणि शून्याचा अहवाल यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्याचा अर्थ "कोणी पाहिलेच नाही", दुसऱ्याचा अर्थ "पाहिले, आणि नव्हते". देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला नोंदला गेला आणि मार्च २०१४ मध्ये आपला भाग पोलिओमुक्त जाहीर झाला, तो अशा लाखो कंटाळवाण्या शून्यांच्या बळावर.

कोकणाला हे जमणार नाही असे कोणी म्हणू नये, कारण कोकणाने ते करून दाखवले आहे. ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी चोरीला जाणे, कुत्र्या-कोल्ह्यांनी खाणे ही इथली नित्याची गोष्ट होती. २००२ पासून वेळासमध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. पहाटे किनारा चालायचा, माग शोधायचा, अंडी मोजून जाळीच्या कुंपणात पुरायची, तारीख लिहायची. हे काम पुढे केळशी, आंजर्ले अशा गावांत पसरले, वनखाते आणि कांदळवन कक्ष त्यात आले. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर 'प्रथमा' नावाच्या मादीला उपग्रह-टॅग लावला गेला. वीस वर्षांच्या वहीमुळेच टॅग कुठे आणि कधी लावायचा हे ठरवता आले. आणि महोत्सवाने गावातल्या घरांना पाहुणे दिले. पिल्लू पाण्यात जाताना दोरीमागे शांत उभे राहायला आपले पर्यटक शिकू शकतात, हे मी स्वतः पाहिले आहे.

समुद्रावरची अर्धी वही मच्छीमारांकडे आहे. खोल पाण्यात काय दिसते ते त्यांनाच ठाऊक. संरक्षित प्राणी जाळ्यात सापडला आणि जाळे कापून त्याला सोडला, तर राज्य सरकार जास्तीत जास्त २५ हजार रुपये भरपाई देते. ही योजना २०१८ च्या अखेरीपासून आहे. अशा सुटकेचे फोटो पुरावा म्हणून द्यावे लागतात. म्हणजे प्रत्येक दाव्याबरोबर कोणता प्राणी, कुठे, कधी याची नोंदही आपोआप तयार होते. ती नोंद फाइलीत न राहता एका जागी मांडली गेली पाहिजे.

हे आत्ताच का? कारण समुद्रावरची गर्दी वाढणार आहे. पालघरजवळ वाढवणच्या महाकाय बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. मोठी जहाजे वाढली की देवमाशांना धडक बसण्याचा धोका वाढतो. श्रीलंकेच्या दक्षिण टोकाजवळ निळे देवमासे आणि जहाजांची वाट एकच आहे हे अभ्यासकांनी वर्षानुवर्षांच्या नोंदींतून दाखवून दिले, तेव्हा २०२२ मध्ये जगातल्या एका मोठ्या जहाज कंपनीने आपला मार्ग काही मैल दक्षिणेला सरकवला. नोंद होती म्हणून जहाज वळले. आपल्याकडे उद्या कोणी विचारले की जहाजे कुठून वळवू, तर आपण काय बोट दाखवणार?

समोर देवमासा आला तर

तरीही एखादा जीव किनाऱ्याला लागणारच. तेव्हा प्रथमोपचार एवढेच. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. गर्दी लांब ठेवा, शेपटीजवळ उभे राहू नका. एका फटक्यात माणसाची हाडे मोडतात. अंगावर ओली चादर घाला, पाणी शिंपडा, पण डोक्यावरचे श्वासाचे छिद्र मोकळे ठेवा. त्यात पाणी गेले तर जीव गुदमरतो. शेपटीला दोर बांधून ओढू नका. प्राणी मेलेला असेल तर हात लावू नका. सागरी सस्तन प्राण्यांकडून माणसाला ब्रुसेला आणि त्वचेच्या जंतुसंसर्गासारखे आजार होऊ शकतात. हाताला जखम असेल तर धोका अधिक. सडणाऱ्या देहात वायू साठतो आणि तो फुटूही शकतो, म्हणून वर चढून फोटो काढणे हा शुद्ध वेडेपणा आहे. आणि 'देवमाशाची उलटी' सापडली म्हणून कोटींची स्वप्ने पाहणाऱ्यांसाठी: ती स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होते, आपल्या वन्यजीव कायद्यानुसार तिची खरेदी-विक्री गुन्हा आहे, आणि त्यापायी कोकणातली माणसे तुरुंगात गेली आहेत.

केळशीच्या खाडीजवळ वाळूची मोठी टेकडी आहे. संशोधकांनी तिचे थर तपासले तेव्हा त्यांत कोळसा, खापरे, नाणी सापडली. काहींनी ती १५२४ च्या त्सुनामीशी जोडली, त्यावर मतभेदही आहेत. गावातल्या कोणाच्या आठवणीत ती लाट नाही. वाळूने तेवढी नोंद ठेवली म्हणून निदान वाद तरी घालता येतो.

निघताना मी भाचीला एक दोनशे पानी वही घेऊन दिली. सकाळी साडेसहा ते साडेसात, दोघी डोंगराच्या उतारावर बसलो. तारीख लिहिली, वेळ लिहिली, समुद्र शांत असे लिहिले. तासाभरात काही दिसले नाही. ती हिरमुसली. "मग आता काय लिहू?"

"शून्य लिही," मी म्हटले. "आणि खाली सही कर."